मासा लागत नसेल तेव्हा

ऑक्टोबरात माझी बायको गेली. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी तिचे वेडर्स घालून थंडगार नदीत उभा होतो. वेडर्स म्हणजे पायांपासून छातीपर्यंत येणारी, आत पाणी न शिरू देणारी विजार. बायको चांगली उंच होती. आमच्या लग्नात माझ्या नागपूरच्या नातेवाइकांनी त्यावरून बरीच कुजबुज केली होती. त्यामुळे तिचे वेडर्स मला जवळपास बसले. पावलांशी तेवढे घट्ट होत होते. घालण्याआधी मी छातीवरच्या खिशात हात घालून बघितलं. खिशात काही नव्हतं.

मासे पकडणं हा माझा प्रांत कधीच नव्हता. तो बायकोचा आणि मुलीचा. बायको मिरजेकडची. लहानपणी तिचे मामा नदीवर गळ टाकून बसायचे आणि ही त्यांना गांडुळं पुरवायची. पुढे आमची मुलगी इथे अमेरिकेत कॉलेजात नद्यांचा अभ्यास करायला लागली, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या बायकोने तिच्याकडून फ्लाय फिशिंग शिकून घेतलं. फ्लाय म्हणजे माशी, पण खरी नव्हे. इवल्याशा गळाला दोरा, पीस आणि थोडी तार गुंडाळून बनवलेला नकली किडा. महिन्यातून दोन शनिवार दोघी पहाटेच निघायच्या. मी रेडमंडला घरी असायचो, कपडे धुवायचो, पाऊस थांबला तर लॉन कापायचो. संध्याकाळी त्या परत आल्या की मी विचारायचो, किती मिळाले? चार, म्हणायच्या. कुठे आहेत? सोडले. मग पकडले कशाला? हे संभाषण आमच्या घरात बारा वर्षं चाललं, आणि प्रत्येक वेळी त्या दोघी हसायच्या. मी एकदाही सोबत गेलो नाही. कोणी ये म्हटलं नाही असंही नाही.

मुलगी आता घाटापलीकडे राहते. नदीतले मासे आणि पाण्यातले किडे मोजायची तिची सरकारी नोकरी आहे. कॉम्प्युटर सायन्स घे म्हणून मी दोन वर्षं तिच्या मागे लागलो होतो. तिच्या आईने तिची बाजू घेतली आणि विषय संपला.

बायको सकाळी ऑफिसला निघताना गाडीची काच पुसत होती, तिथेच ड्राइव्हवेत पडली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. हॉस्पिटलात चार दिवस. त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला नसतो, तसं सगळं अंग. लोक म्हणाले, रडून घ्या, मोकळं वाटेल. मला रडू येत नव्हतं आणि कोंडल्यासारखंही वाटत नव्हतं. ओळखीच्या एका वहिनींनी सहा आठवडे डबे पोचवले. मी डबे धुऊन, पुसून परत दिले. त्यांत काय असायचं ते आज आठवत नाही.

काम मात्र नीट चाललं होतं. मी टेस्टर आहे, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायचो, एवढाच फरक. एक गोष्ट फक्त जमेनाशी झाली, काही ठरवणं. दुकानात साबणाच्या पावडरीसमोर उभा राहायचो आणि काहीच न घेता परत यायचो. रोज दहीभात खायचो, कारण त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं.

मुलगी रविवारी फोन करायची. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत; दोघांना सवय आहे. त्या रविवारी ती म्हणाली, "बाबा, शनिवारी ये. आईचे वेडर्स माझ्याकडेच आहेत."

"मला येत नाही ते."

"फक्त उभं राहायचंय. मासे तसेही लागत नाहीयेत सध्या. तू काही बिघडवू शकणार नाहीस."

नाही म्हणायचं, तर कारण ठरवावं लागलं असतं. मी गेलो.

घाटाच्या अलीकडे पाऊस होता, माथ्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आणि चाकांना साखळ्या बांधत थांबलेले ट्रक. उतरल्यावर पाऊस नाही, लख्ख ऊन, जमिनीवर तेवढा जुना बर्फ. तिने नदीकाठच्या एका पार्किंगमध्ये बोलावलं होतं. तिथे आमच्या गाड्यांशिवाय आणखी एक गाडी होती, पण तिच्यातले दोघे सामान आवरून निघाले होते. त्यांतल्या म्हाताऱ्याने काच खाली करून सांगितलं की सकाळपासून एकही नाही, आणि गुड लक म्हणून गेला.

"इतक्या थंडीत मासे करतात काय?" मी विचारलं.

"काही नाही. तळाशी पडून राहतात. पाणी गार झालं की त्यांचं अंगच मंद होतं. किडा तोंडासमोरून गेला तर तोंड उघडतात. हातभर बाजूला असला तर जातही नाहीत."

मला ते समजलं.

तिने माझ्या कमरेला पट्टा बांधला, तिच्या एका सहकाऱ्याचे मोठे बूट मला घातले आणि कोपराला धरून पाण्यात नेलं. गुडघ्याच्या वर पाणी आलं तशी थंडी रबरातून आत आली, थोडा वेळ दुखलं, आणि मग पाय गेलेच. दोरीच्या टोकाला तिने दोन फ्लाय बांधल्या. एक मोठी तपकिरी, जड, खाली नेणारी. तिच्यामागे वीतभर दोरीवर एक बारीक लाल. वर बोराएवढा नारिंगी तरंगता गोळा. तो बुडाला की रॉड, म्हणजे गळाची काठी, उचलायचा, इतकंच शिक्षण.

गोळा तरंगत खाली जायचा. मी दोरी उचलून परत वर टाकायचो. परत खाली जायचा. तासभर हेच.

"आता बदलायचं," ती म्हणाली. "आधी खोली. मग आकार. रंग सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट."

"आम्हीही असंच करतो," मी म्हणालो. "एका वेळी एकच बदल. नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मी आपणहून काही सांगण्याची त्या दिवसातली ही पहिलीच वेळ असावी. "आई असं काही करायची नाही," ती म्हणाली. "ती डबी उघडायची आणि म्हणायची, आज ही छान दिसतेय. मला राग यायचा. आणि तिला मासा लागायचा."

तिने गोळा वर सरकवला, फ्लाय आणखी खोल जाव्यात म्हणून. काही नाही. मग लालच्या जागी त्याहून बारीक लाल. काही नाही. मग दोरीच पातळ केली. बाराच्या सुमाराला गोळा बुडाला, मी उशिरा रॉड उचलला, तरी काहीतरी लागलं होतं. तिने जाळीत घेतला. चंदेरी, बारीक तोंडाचा मासा. ज्याच्यासाठी सगळे येतात तो ट्राउट नव्हता, व्हाइटफिश होता.

"लोक याला मोजत नाहीत," तिने सांगितलं. "आई मोजायची."

तो सोडला आणि पुन्हा उभे राहिलो. त्यानंतर तासभर काहीच झालं नाही. शेवटी तिने मला काठावर आणलं, एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसवलं, थर्मासमधला चहा ओतला, आणि जॅकेटमधून आईची डबी काढली. ती डबी मी ओळखत होतो. गोळ्या ठेवायची असते तसली, सात कप्प्यांची, झाकणांवर वारांची इंग्रजी अक्षरं. ब्लड प्रेशरच्या गोळ्यांसाठी मीच आणली होती. बायकोने गोळ्या बाटलीतच ठेवल्या आणि डबीत फ्लाय भरल्या, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

"पुढची तू निवड," मुलगी म्हणाली.

मी एक एक झाकण उघडलं. तपकिरी, हिरव्या, मण्याच्या डोक्याच्या, पिसांच्या. काही इतक्या बारीक की तीळच. प्रत्येक ठीक वाटत होती. कुठलीच नको वाटत नव्हती आणि हवीही.

"कुठलीही लाव."

"कुठलीही अशी फ्लाय नसते, बाबा."

"तुझं शिक्षण त्यातलं आहे. तूच ठरव."

"चुकली तरी चालेल. सकाळपासून माझ्याही चुकल्याच आहेत."

"अगं, मला यातलं काय कळतंय? लाव ना तू."

तिने थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाली, आणि मराठीत म्हणाली, जे ती फक्त आईशी बोलायची, "नेहमी मीच का ठरवायचं?"

ती फ्लायबद्दल बोलत नव्हती.

हॉस्पिटलातल्या तिसऱ्या दिवशी आम्हाला एका लहान खोलीत बोलावलं होतं. हळू आवाजात बोलणारी डॉक्टरीण होती. तिने सांगितलं की मेंदू परत काम करेल असं तिला वाटत नाही. मशिनं चालू ठेवायची की थांबवायची, हे आता घरच्यांनी सांगायचं. आधी तिने मला विचारलं, कारण नवरा मी. मी म्हणालो, दोन मिनिटं द्या, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये गेलो. तिथे पाण्याचं मशिन होतं. मी कागदी पेला भरला आणि प्यायलो. परत दाराशी आलो तर आत मुलगी बोलत होती. आईला असं ठेवलेलं आवडणार नाही, ती सांगत होती. आवाज स्थिर होता. मी दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. तिचं बोलणं पूर्ण झालं, डॉक्टरणीने मान हलवली, आणि मग मी दार उघडलं. दाखवली तिथे सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. त्यावर आम्ही दोघं एक अक्षर बोललो नव्हतो. मी समजून चाललो होतो की तिला वाटतंय, बाबा लांब होता, त्याला काही ऐकू आलं नाही.

चहा गार झाला होता. मी म्हणालो, "त्या दिवशी मी दाराशीच उभा होतो. तू बोलत होतीस ते मला ऐकू येत होतं. तुझं बोलून होईपर्यंत मी मुद्दाम आत आलो नाही."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दाराला काचेची पट्टी होती ना. तुझा निळा स्वेटर दिसत होता."

मी विचारलं, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले."

"तू सांगितलंस तेच मी सांगितलं असतं."

"मग सांगायचं होतंस," ती म्हणाली. पुढचं इंग्रजीत. "त्या खोलीत मी एकटी होते, बाबा. मी तिची मुलगी होते, आणि तू चार पावलांवर उभा राहून ते सगळं माझ्यावर पडू दिलंस. मला रोज वाटतं की मी घाई केली. कोणी माझ्याबरोबर हो म्हटलं असतं, तर वाटलं नसतं."

"घाई नव्हती केलीस."

"हे तू आज सांगतोयस."

"हो. चुकलं माझं. घाबरलो होतो. तुझ्या तोंडून आलं की माझ्या तोंडून यायला नको, एवढंच डोक्यात होतं."

तिने बाहीने नाक पुसलं आणि रडायला लागली. मी हातमोज्यासकट हात तिच्या पाठीवर ठेवला. जाड जॅकेट, जाड हातमोजा. मधे काही कळत नव्हतं. मलाही रडू येईल असं वाटून मी वाट बघितली. आलं नाही. मी हात तसाच ठेवला.

ती शांत झाल्यावरही आम्ही बसून राहिलो. खाली बघत होतो म्हणूनच मला ते दिसलं. बुटाशेजारच्या बर्फावर एक काळा किडा चालत होता. नखाएवढाही नाही. उडत नव्हता, घाईत होता. त्याच्या पलीकडे दुसरा. नीट बघितलं तर काठच्या बर्फावर वीस-पंचवीस तरी होते, सगळे पाण्याकडून वर निघालेले.

"हे काय आहे?"

ती वाकली. मग बर्फात गुडघेच टेकले. "हिवाळी स्टोनफ्लाय," म्हणाली. "आयुष्यभर दगडाखाली राहतात आणि ऐन थंडीत बाहेर येतात. उडण्याइतकी ऊब नसते, म्हणून चालतात." मग कपाळाला हात लावला. "आपण तिथे मधे, खोलात टाकतोय. आणि हे काठाने निघतायत. उथळ, संथ पाण्यातून. मला बघायला हवं होतं. माझं कामच आहे हे."

मी डबी परत उघडली. गुरुवारच्या कप्प्यात तळाशी एक बारीक काळी फ्लाय होती. दोरा एका बाजूला सैल झालेला, पीस वाकडं. बायकोने स्वतः बांधलेली असणार. विकतची इतकी वाकडी नसते. बाजूला दुसरी काळीही होती, सुबक, विकतची. मी दोन्ही तळहातावर घेतल्या.

"ही," मी म्हणालो, आणि सुबक दिली.

"का?"

"त्या किड्याचं अंग सरळ आहे. आणि आईची एकच आहे. तुटली तर जाईल."

तिने वाद घातला नाही. आधीच्या दोन्ही फ्लाय काढून टाकल्या, ही एकटीच बांधली, गोळा अगदी जवळ आणला. आम्ही पाण्यात फारसे उतरलोच नाही. काठापासून दोन हातांवर, जिथे पाणी जेमतेम हलत होतं, तिथे मी दोरी टाकत गेलो. सात-आठ वेळा काही नाही. नंतर गोळा थांबला. बुडाला नाही, नुसता थांबला, बाजूचा पाचोळा पुढे गेला आणि तो तिथेच.

"उचल," ती हळूच म्हणाली.

मी उचलला. दोरीच्या पलीकडे जडपणा होता आणि तो डोकं झटकत होता. ती सांगत होती, ओढू नकोस, जाऊ दे, आता घे, आणि मी ती सांगेल तसं करत होतो. दोन मिनिटं गेली असतील. जाळीत आला तेव्हा दिसला, वीतभराहून थोडा मोठा ट्राउट, अंगावर काळे ठिपके, कुशीवर फिकट गुलाबी पट्टा. वरच्या ओठात ती काळी फ्लाय होती.

"हात आधी ओले कर. मग धर."

मी हातमोजे काढले, हात बुडवले, मासा धरला. बोटं इतकी बधिर होती की धरलाय हे डोळ्यांनी बघूनच कळत होतं. तिने चिमट्याने फ्लाय सोडवली. मी त्याला पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून धरला, ती सांगत होती तसा. कल्ले उघडले, मिटले. थोड्या वेळाने तो गेला. गेला हेही आधी डोळ्यांना कळलं.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं नाही. "काही नाही वाटलं," मी म्हणालो. "पण बघितला."

"ठीक आहे," ती म्हणाली.

त्यानंतर तासभरात तिला दोन लागले, मला एकही नाही. ऊन टेकडीआड गेलं तसे किडे बर्फावरून नाहीसे झाले, आणि आम्ही आवरलं.

रात्री मी मुलीकडेच झोपलो. रविवारी सकाळी घाट बंद होता, रात्रभर बर्फ पडून दरडी सैल झाल्या होत्या. मी राहिलो. तिला ऑफिसातलं थोडं काम संपवायचं होतं, मला सोबत घेऊन गेली. लांबलचक शेड, कपाटांत बाटल्या, बाटल्यांत नदीतून आणलेला गाळ आणि किडे. तिने एका पांढऱ्या ट्रेमध्ये एक बाटली ओतली, मला चिमटा आणि भिंगाचा दिवा दिला. दोन शेपट्या असलेले एका वाटीत, तीन असलेले दुसऱ्या, अंगाभोवती खड्यांचं घर करून राहणारे तिसऱ्या.

पहिली दहा मिनिटं मी प्रत्येकासाठी तिला हाक मारत होतो. मग बंद केलं. ती मधेच येऊन वाट्या बघायची आणि एखादा किडा उचलून दुसरीकडे टाकायची. एकदा मी म्हणालो, "नाही, तो बरोबर होता. तिसरी शेपटी तुटलीये, मुळाशी बघ." तिने भिंगाखाली धरला, बराच वेळ बघितला आणि माझ्या वाटीत परत ठेवला.

दुपारी घाट उघडल्याचा मेसेज आला. तिने फोन मला दाखवला. मी म्हणालो, ही बाटली संपवून निघतो.